मान वळली पाहिजे

‘एका कुत्र्यासाठी एवढे?’ हा प्रश्न २०१८ च्या पावसाळ्यात आम्हांला इतक्या जणांनी विचारला की, पुढे पुढे आम्ही त्याला उत्तर देणेच सोडून दिले. विचारणाऱ्यांत दुष्ट कोणी नव्हते. मिस्सा आटोपून घरी परतताना सहज डोकावणारे शेजारी, आप्तेष्ट, पॅरिशमधली नेहमीची माणसे, सगळी आपलीच. कोणी हसून विचारले, कोणी काळजीने, तर कोणी आमच्या डोक्यावर परिणाम झाला की काय अशा नजरेने. प्रश्न मात्र खोटा नव्हता. त्याच्याविषयी आमच्या मनात जे विचारमंथन झाले ते वाचकांसमोर ठेवावे, असे पुष्कळ दिवस वाटत होते.

हकीकत आधी सांगितली पाहिजे. आखूड पायांचा आणि लांब पाठीचा, डॅशहुंड जातीचा एक कुत्रा वांद्र्याच्या नातलगांकडून आमच्या वसईच्या घरी आला, तो २०१२ च्या ऑगस्टमध्ये, संत रॉकच्या सणाच्या आठवड्यात. प्लेगने आजारी पडून रानात एकाकी राहिलेल्या या संताला एक कुत्रा रोज भाकर आणून देत असे, अशी परंपरागत कथा आहे. आमच्या मातोश्रींना ती ठाऊक होती. त्यांनी कुत्र्याचे नाव ठेवले रॉकी. सहा वर्षे तो घरातले एक माणूस होऊन राहिला. २०१८ च्या जुलैमध्ये एके सकाळी आम्ही त्याला हाक मारली, तेव्हा तो उठला नाही. पुढच्या दोन पायांवर शरीर ओढत, मागचा अर्धा देह ओल्या पोत्यासारखा फरफटत, तो आमच्यापर्यंत आला आणि नेहमीप्रमाणे वर पाहू लागला. शेपटी हलत नव्हती. डोळ्यांत मात्र रोजचाच आनंद होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी रेबीजची लस टोचली आहे ना, हे विचारून घेतले. कारण त्या रोगातही पाय लुळे पडू शकतात. मग त्यांनी समजावून सांगितले. या आखूड पायांच्या जातीत मणक्यांमधील मऊ चकत्या ऐन तारुण्यातच कडक होतात. एखाद्या दिवशी, कोचावरून मारलेल्या साध्या उडीनेही, त्यातली एखादी फुटून वर सरकते आणि मज्जारज्जूवर दाब येतो. त्यानंतर त्यांनी चिमट्याने रॉकीच्या मागच्या पायाचे बोट दाबले. पाय चटकन आखडला. आम्ही हरखून म्हणालो, ‘त्याला कळतंय!’

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ‘पाय आखडला, याला फारसा अर्थ नाही,’ ते म्हणाले. ‘ते काम पाठीच्या कण्यातला खालचा भाग आपला आपणच करतो. मेंदूला त्याची खबरही नसते. मान वळली पाहिजे.’ त्यांनी पुन्हा, जरा जोराने दाबले. रॉकीने मान वळवून चिमट्याकडे पाहिले आणि तो विव्हळला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान उमटले. आतवर वेदना पोहोचत होती, म्हणून आशा होती.

त्यांनी तीन मार्ग सांगितले. पहिला, मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया. दुसरा, निदान चार आठवडे एका पेटीत सक्तीची विश्रांती, औषधे आणि घरची शुश्रूषा. अशा कुत्र्यांपैकी पुष्कळ पुन्हा उभे राहतात, पण खात्री नाही. तिसरा मार्ग, एक इंजेक्शन. ‘त्यातही क्रौर्य नाही,’ ते हलकेच म्हणाले. ‘रात्रभर विचार करा.’

शस्त्रक्रियेचा खर्च आमच्या घरच्या पाच महिन्यांच्या खर्चाएवढा होता, आणि त्याच महिन्यात मुलीच्या महाविद्यालयाची फी भरायची होती. तो मार्ग आम्ही सोडला. यात काही चुकले असे आम्हांला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथात प्राण्यांविषयी चार छोटी कलमे आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती आहे आणि त्यांना दयेने वागवणे हे आपले देणे आहे, असे तो ग्रंथ सांगतो. त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, असे तो बजावतो. आणि त्याच दमात, जो पैसा आधी माणसांचे दुःख निवारण्यासाठी जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अनुचित, असेही स्पष्ट करतो. हा क्रम आम्हांला मान्य होता.

राहिले इंजेक्शन. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभेचे म्हणणे निःसंदिग्ध आहे: दयेच्या नावाखाली कोणाचे आयुष्य संपवता येत नाही. प्राण्याच्या बाबतीत तसा निर्बंध नाही. प्राण्याला आपल्या दुःखाचा अर्थ लावता येत नाही, ते प्रभूला अर्पण करता येत नाही. त्याच्यापाशी केवळ दुःखच असते. जेथे असह्य वेदनेखेरीज दुसरे काही उरलेले नाही, तेथे ते इंजेक्शन दयाच ठरेल, हे आम्ही मानतो. पण त्या रात्री, दिवा मालवून पडलो असताना, एक प्रश्न आमच्या मनातून जाईना. त्या इंजेक्शनाने नेमके कोणाचे दुःख संपणार होते? रॉकीला वेदना होत्या, पण त्या औषधाने आटोक्यात येण्याजोग्या होत्या. त्याने खाणे सोडले नव्हते. आमच्याकडे पाहणे सोडले नव्हते. खरा त्रास पुढे आमच्याच वाट्याला येणार होता, घाणीचा, जागरणाचा, अनिश्चिततेचा. आपली गैरसोय दुसऱ्याच्या वेदनेच्या नावावर मांडण्याची सवय माणसाला फार चटकन लागते. आम्ही दुसरा मार्ग धरला.

शुश्रूषा हा शब्द लिहायला सोपा आहे. आंब्याच्या मोठ्या लाकडी पेटीची एक बाजू काढून, आत रबरी कापड आणि वर जुन्या गोधड्या अंथरून आम्ही ती पडवीत ठेवली. त्याला निजता आणि वळता येईल, पण चालण्याची धडपड करता येणार नाही, एवढीच तिची जागा. मूत्राशयावर त्याचा ताबा राहिला नव्हता. दिवसातून चार वेळा दोन्ही तळहातांनी पोट हळुवार दाबून ते रिकामे करावे लागे, कारण तुंबलेले मूत्र म्हणजे जंतूंना आमंत्रण. कोठे आणि किती दाबायचे, हे डॉक्टरांनी आमचे हात आपल्या हातांत धरून शिकवले. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, नाही तर कमरेच्या हाडांवर जखमा होतात. रात्री दोनचा गजर लावलेला असे. लुळे पाय आखडू नयेत म्हणून हळूहळू वाकवायचे आणि सरळ करायचे. घरातल्या वेदनाशामक गोळ्या त्याला चुकूनही द्यायच्या नाहीत. माणसाला उतार देणारी गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. पहिले तीन-चार दिवस किळस आली. नंतर ती गेली. हातांना काम समजले की किळस आपोआप मागे पडते, हा आमचा अनुभव आहे.

तिसऱ्या आठवड्यातली एक संध्याकाळ. पाऊस थांबला होता. आम्ही पडवीत बसून रॉकीची कूस बदलत होतो. आमच्या वाडीला लागून असलेल्या बांधावर पलीकडच्या घरची सून उभी होती. किती वेळ उभी होती, कोणास ठाऊक. या घराशी आमचे बोलणे जेवढ्यास तेवढे. बांध नेमका कोणाच्या हद्दीत, यावरून वाडवडिलांपासून चालत आलेला वाद आहे. तिच्या सासूबाईंनी त्यावरून आमच्या मातोश्रींना एके काळी नको नको ते सुनावले होते. २०१५ मध्ये त्याच सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांची वाचाही गेली होती. मुलगा आखातात नोकरीला. घरात सून आणि शाळेत जाणारी दोन मुले.

ती रागावलेली नव्हती. थकल्या आवाजात म्हणाली, ‘वहिनी, तुमच्या रॉकीची कूस बदलायला चार हात आहेत. आमच्या आईची कूस मी तीन वर्षं एकटी बदलते आहे.’ एवढेच बोलून ती घरात गेली.

त्या रात्री दोनचा गजर झाला तेव्हा आम्ही जागेच होतो.

‘एका कुत्र्यासाठी एवढे?’ हा प्रश्न आजवर ज्यांनी विचारला होता, त्यांपैकी बहुतेकांना आमच्यापाशी मनातल्या मनात एक उत्तर होते. आम्ही कुत्र्यासाठी एवढे करतो आहोत. आपण माणसासाठी किती करता? उत्तर चोख होते, तोंड बंद करणारे. पण तोच प्रश्न अंथरुणापाशी तीन वर्षे उभ्या असलेल्या बाईने विचारला, तेव्हा ते उत्तर निरुपयोगी झाले. तिला तो विचारण्याचा अधिकार होता.

आम्ही स्वतःचा बचाव करून पाहिला. थोरामोठ्यांनी या विषयावर लिहिले आहे. प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणूस पुढे माणसांशीही क्रूर होतो, आणि प्राण्यांवर दया करणाऱ्याच्या ठायी माणसांविषयी दया वाढते, असा विचार तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी मांडला. अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनीही तोच धागा धरला. ज्याने इमानाने सेवा केली तो कुत्रा म्हातारा झाला तरी धन्याने त्याला शेवटपर्यंत सांभाळावे, कारण तसे न केल्यास धन्याच्याच अंतरीची माणुसकी सुकते, असे ते शिकवीत. म्हणजे प्राण्यांची सेवा ही जणू माणसांच्या सेवेची शाळा. ऐकायला हे पटते. परंतु आमचा अनुभव काय होता? त्या शाळेत तीन आठवडे आम्ही रात्रंदिवस शिकत होतो, आणि पन्नास पावलांवर एक माउली एका कुशीवर पडून होती. आमची दया बांध ओलांडून गेली नव्हती. ती आपण होऊन कोठेही जात नाही, हे आम्हांला मान्य करावे लागले.

मग उलट बाजूने पाहिले. कुत्र्यावर जीव लावणारा माणसांच्या वाट्याचे प्रेम चोरतो, असेही म्हटले जाते. पैशाच्या बाबतीत ते खरे असू शकते. एक रुपया दोन ठिकाणी खर्च होत नाही. परंतु रॉकी आजारी पडण्यापूर्वीच्या तीन वर्षांत ते तास आम्ही त्या सासूबाईंना देत होतो काय? मुळीच नाही. तेव्हा ते तास वर्तमानपत्रात आणि दूरदर्शन संचापुढे जात होते. कुत्र्याने कोणाचे काही चोरले नव्हते. तो आडवा पडला, म्हणून तर आमच्यापाशी एवढे तास आणि एवढी ताकद शिल्लक होती, हे आम्हांला कळले.

तर मग आमचे अडले कोठे होते? डॉक्टरांचा चिमटा आठवला तेव्हा उत्तर सापडले. त्या घराविषयी आम्हांला काहीच वाटत नव्हते, असे नाही. विषय निघाला की ‘बिचारी!’ म्हणून आम्ही सुस्कारा सोडत असू. रोझरीत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना तिची आठवण होई. नाताळात गोडधोडाची ताटली मुलांच्या हाती न चुकता जाई. याला आम्ही करुणा समजत होतो. वास्तविक तो नुसता आखडणारा पाय होता. चिमटा बसला की पाय आखडतो, दुःख दिसले की सुस्कारा सुटतो. आत कोठेही खबर पोहोचत नाही. मान वळलेली नव्हती.

संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाची आणि लाझरसची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दारात पडलेल्या लाझरसच्या जखमा कुत्रे येऊन चाटतात. त्या गोष्टीत त्याच्याजवळ जाणारे तेवढेच. या गोष्टीतील एका तपशिलाकडे आमचे लक्ष त्या दिवसांत प्रथमच गेले. मरणानंतर यातना भोगणारा तो श्रीमंत लाझरसला नावाने ओळखतो. याचा अर्थ, लाझरस दारात पडला आहे, हे त्याला माहीत नव्हते असे नाही. त्याने कदाचित ‘बिचारा!’ असेही म्हटले असेल.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कुत्र्याची सेवा सोपी असते. कष्ट असतात, पण मन दुखावत नाही. कुत्रा मागचे काही काढत नाही. त्याने आपल्या आईला कधी टाकून बोललेले नसते. त्याची हद्द आपल्या हद्दीला लागत नाही. माणसाची गरज मात्र कधी एकटी येत नाही. तिच्याबरोबर जुना इतिहास येतो, अपमान येतात, ‘हे आता का आले?’ ही नजर येते. म्हणूनच निर्गमाच्या पुस्तकातील एक आज्ञा आम्हांला फार शहाणपणाची वाटते. तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली कोसळलेले दिसले, तर तसेच पुढे जाऊ नको, त्याला हात लाव, अशा आशयाची ती आज्ञा आहे. गाढवाची सुटका होते, हे तर झालेच. पण ओझे उचलायला दोन माणसे लागतात. ज्यांच्यात बोलणे नाही, त्यांचे हात एका मुक्या जनावराखाली एकत्र येतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत. निसर्गाची आणि प्राण्यांची काळजी वाहणारा माणूस गरिबांविषयी उदासीन असेल, तर त्याच्या काळजीत काहीतरी विसंगत आहे, असे ते सांगतात. आणि माणसाचे अंतःकरण एकच असते, प्राण्याशी वागताना आणि माणसाशी वागताना ते वेगवेगळे नसते, असेही सांगतात. आम्ही यातून एवढेच घेतो: अंतःकरण एक असले, तरी त्याला वळवावे लागते.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता आम्ही दोघे बांध ओलांडून गेलो. काय बोलावे, ते ठरवले नव्हते. ‘आईंची कूस बदलायला आलो आहोत,’ एवढेच म्हणालो. सून क्षणभर दारात तशीच उभी राहिली, मग बाजूला झाली. चादर चौपदरी करून पाठीखाली सरकवायची, दोन्ही बाजूंनी धरून अंग न घासता वळवायचे, हाडाखाली आणि गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची, हे तिला ठाऊक होते. फक्त दुसऱ्या बाजूला धरायला कोणी नव्हते. माकडहाडावर जखम होती. सासूबाईंनी आम्हांला ओळखले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. त्यांना तो अधिकार होता. रात्री नऊ आणि पहाटे पाच, असा आमचा नेम ठरला. पुढे पॅरिशमधल्या संत विन्सेंट दे पॉल संस्थेच्या दोघा-तिघांनी दुपारची वेळ वाटून घेतली. महिन्या-दीड महिन्याने एका रात्री आमची चाहूल लागताच सासूबाईंनी मान दाराकडे वळवली. ती क्षमा होती की नुसती ओळख, हे आम्ही ठरवू शकत नाही.

रॉकीची शेपटी गणेशोत्सवाच्या सुमारास प्रथम हलली. पोटाखालून पंचा घालून आम्ही त्याला उभे करू लागलो. बावखल काठोकाठ भरले होते. त्याच्या उथळ कडेला आधार देऊन त्याला पाण्यात धरले की, देहाचा भार हलका होऊन ते लुळे पाय थोडे थोडे चालत. ऑक्टोबरअखेर तो आपल्या पायांनी पडवी ओलांडून आला. चाल शेवटपर्यंत डुलती राहिली. उडी मात्र आम्ही त्याला पुन्हा मारू दिली नाही. पायरीला उतरती फळी लावली. २०२४ मध्ये तो म्हातारपणाने गेला.

सासूबाई बऱ्या झाल्या नाहीत. २०१९ च्या उपवासकाळात, ख्रिस्तशरीर स्वीकारून, त्या शांतपणे प्रभूघरी गेल्या. जखम पुरती भरली नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण शुश्रूषेचे फळ म्हणजे रोगी उठून चालू लागणे, असा समज रॉकीमुळे आमचा होऊ शकला असता. कुत्रा उठला आणि बाई उठल्या नाहीत. केलेले दोन्ही ठिकाणी सारखेच योग्य होते.

‘एका कुत्र्यासाठी एवढे?’ असे आम्हांला आज कोणी विचारले, तर आम्ही ‘हो’ म्हणू. पण विचारणाऱ्याकडे बोट दाखवणार नाही. त्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग आमच्यासाठी असतो आणि तो बांधापलीकडून येतो, हे आता आम्हांला माहीत आहे. बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. मोजणी व्हायची आहे, आणि ती झाल्यावर दोघांपैकी एकाला वाईट वाटणारच. त्या बांधावरून येण्या-जाण्याने पायवाट मात्र पडली आहे, आणि तिच्यावर अजून गवत उगवलेले नाही.